पडद्यामागचे घर

घर जितके लहान, तितका त्यात येणाऱ्या प्रत्येक नव्या वस्तूचा विचार मोठा. चौसोपी वाड्यात एखादे कपाट आले तर ते कुठेतरी उभे राहते आणि महिन्याभरात डोळ्यांना दिसेनासे होते. दहा फूट लांब आणि सहा फूट रुंद अशा, मोटारीमागे जोडून न्यायच्या कॅरॅव्हॅनमध्ये मात्र हातभर रुंदीची वस्तूसुद्धा आल्या दिवसापासून घराची घडी बदलते. ती आली की काहीतरी जाते. कधी डब्यांची मांडणी जाते, कधी पाय पसरायची जागा जाते, आणि कधी फुटपट्टीने मोजता न येणारेही काही जाते.

काही वर्षांपूर्वी म्हैसूरच्या बाहेर, चामुंडी टेकडी समोर दिसेल अशा एका आवारात, अशी एक कॅरॅव्हॅन उभी होती. ती एका निवृत्त मराठी दांपत्याची होती. पती सरकारी खात्यातून अभियंता म्हणून निवृत्त झालेले. पत्नीची सारी हयात शाळेत मराठी शिकवण्यात गेलेली. मुलगा नोकरीच्या निमित्ताने म्हैसूरला स्थायिक झाला होता आणि नातू तिथेच जन्मला होता. नऊ वर्षांच्या त्या मुलाला उन्हाळ्याच्या सुटीत घेऊन सोमनाथपूर, तलकाडू असे करीत कावेरीच्या काठाने पंधरा दिवस हिंडायचे, असा बेत होता. मुलगा शाळेत इंग्रजी बोले, गल्लीत कन्नड बोले आणि आजी-आजोबांशी मराठी. तीही चार-सहा वाक्यांपुरती. वाक्य लांबले की ते मध्येच कुठेतरी दुसऱ्या भाषेत उतरून जाई.

पंधरा संध्याकाळी या मुलाचे मन कशात रमवायचे, हा प्रश्न आजोबांना पडला आणि त्यांनी त्याचे उत्तर आपल्या व्यवसायाला साजेसे शोधले. कॅरॅव्हॅनमध्ये एक पडदा बसवायचा. चोवीस इंची, बारा व्होल्टवर चालणारा दूरदर्शन संच. हिशेब त्यांनी वहीत मांडला होता. संचाला साधारण तीस वॅट लागतात. रोज चार तास म्हटले तरी सव्वाशे वॅट-तासांच्या आत काम भागते. बारा व्होल्टची, शंभर अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर बाराशे वॅट-तासांची असते. शिसे-आम्लाची असेल तर तिच्यातले निम्मेच वापरावे, नाहीतर तिचे आयुष्य घटते. उरलेल्यात दिवे, पंखा आणि पाण्याचा छोटा पंप. टपावर सूर्यपट्टी होतीच. विजेची बाजू निर्वेध होती.

अडचण निघाली ती भिंतीची. अशा घराची भिंत बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा, आतून प्लायवूडचा पातळ तक्ता आणि मध्ये उष्णता अडवणारा फोम, अशी असते. तिच्यात नुसता स्क्रू पिळला तर तो संचाचे वजन उभ्या घरात पेलेल, चालत्या घरात पेलणार नाही. रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा ते वजन क्षणभर कितीतरी पटींनी वाढवतो, आणि शंभर किलोमीटर होण्याच्या आत स्क्रूचे भोक रुंद होते. म्हणून आधार सांगाड्याच्या लोखंडी नळीलाच धरला पाहिजे, आणि ज्या हातावर संच झुलणार त्या हाताला प्रवासात अडकवून ठेवणारी कडी पाहिजे. अशा जागा तीनच होत्या: बिछान्याच्या पायथ्याशी, जेवणाच्या मेजाच्या वर, आणि दाराशेजारी. पहिल्या जागेने खिडकी झाकली जाई. तिसऱ्या जागी धूळ आणि पावसाचे शिंतोडे येण्याचे भय होते. मेजाच्या वरची जागा आजोबांच्या मते उत्तम होती.

तिथेच आजीने विचारले, ‘अहो, मग बसायचे कुणीकडे तोंड करून?’

प्रश्न साधा होता. पण त्यात त्या घराचा सारा नकाशा होता. त्या कॅरॅव्हॅनमध्ये दोन बाकडी समोरासमोर होती आणि मध्ये मेज होते. रात्री मेज खाली उतरवले की बाकड्यांचाच बिछाना होई. दिवसभर मात्र त्या घरात बसायचे म्हणजे कोणाच्या तरी समोर बसायचे. पडदा आला की तिघांनाही एका ओळीत, एकाच दिशेला तोंड करून बसावे लागणार होते. मुलाची मराठी चार-सहा वाक्यांची होती खरी. पण तीसुद्धा समोर कोणी असल्यामुळेच तोंडातून निघत होती. शेजारी बसलेल्या माणसाशी बोलल्याशिवाय चालते.

पतीने प्रश्न ऐकून घेतला आणि वही मिटली. आधाराची पट्टी घडवून मिळायला दोन दिवस लागणार होते. त्या अवधीत आजी नातवाला घेऊन शहरात हिंडल्या आणि हिंडता हिंडता मानसगंगोत्रीच्या जयलक्ष्मी विलास महालात पोचल्या. १९०५ साली म्हैसूरच्या राजकन्येसाठी उभारलेल्या या महालात म्हैसूर विद्यापीठाने १९६८ साली लोकजीवनाचे संग्रहालय सुरू केले. कर्नाटकातल्या खेड्यापाड्यांतून आणलेले देवांचे मुखवटे, नांगर, पाळणे, लढाऊ कोंबड्यांच्या झुंजीच्या वस्तूंपासून यक्षगानाच्या किरीटांपर्यंत अनेक गोष्टी तिथे जमल्या. त्यांतच चामड्याच्या बाहुल्या होत्या. रामायण-महाभारतातली पात्रे कातड्यावर कोरलेली, लाल-हिरव्या-काळ्या रंगांत रंगवलेली, भिंतीशी सपाट टांगलेली.

मुलाला त्या मळकट वाटल्या. तसे वाटणे साहजिक होते. ‘तोगलु गोंबेआट’ या नावात तोगलु म्हणजे कातडे, गोंबे म्हणजे बाहुली आणि आट म्हणजे खेळ. हे कातडे खरवडून, ताणून, अर्धपारदर्शक होईपर्यंत पातळ केलेले असते. दागिन्यांच्या जागी त्याला बारीक छिद्रे पाडतात, ती रंगासाठी नसून उजेडासाठी असतात. समोरून प्रकाश पडला की असे कातडे मरून जाते. मागून दिवा लागला की रावणाच्या दहा मुकुटांतून दहा ओळींचे तेज झिरपू लागते. संग्रहालयात वस्तू नीट राहतात, हे त्यांचे ऋणच मानले पाहिजे. पण ज्या वस्तूला पाठीमागून पाहणारा कोणी लागतो, तिला भिंत आणि काच यांच्यामध्ये राहून आपले अर्धेच अंग दाखवता येते.

या बाहुल्यांच्या मागे कोण उभे राहत असे, हा मराठी वाचकाने अवश्य विचारावा असा प्रश्न आहे. कर्नाटकात हा खेळ करणाऱ्या समाजाला किळ्ळेक्यात किंवा सिळ्ळेक्यात म्हणतात. काही भागांत त्यांना कटबू असेही नाव आहे. एडगर थर्स्टन यांच्या, १९०९ साली प्रसिद्ध झालेल्या दक्षिण भारतातील जातिजमातींवरील सात खंडांच्या ग्रंथात त्यांची नोंद आहे. हा समाज गावोगाव फिरे. खेळ नसेल तेव्हा नदी-तलावांत मासे धरी. त्यातल्या स्त्रिया गोंदण्याचे काम करीत. आणि या घरांची घरात बोलायची भाषा मराठीची एक बोली आहे. आंध्रात चामड्याच्या बाहुल्या नाचवणाऱ्या घरांतही मराठीचेच एक रूप बोलले जाते, आणि तमिळनाडूत तंजावरच्या मराठी राज्याशी ज्यांचे नाते सांगितले जाते त्या मंडिकर खेळियांच्या घरांतही. ही कला त्यांनी महाराष्ट्रातून नेली की दक्षिणेत येऊन आत्मसात केली, याविषयी अभ्यासकांचे एकमत नाही. भाषेविषयी मात्र वाद नाही.

नावाची गोष्टही मनोरंजक आहे. किळ्ळेक्यात हे या खेळातल्या विदूषकाचे नाव. वेडावाकडा, पोट सुटलेला, तोंडाळ असा हा गडी आपल्या बंगारक्का नावाच्या जोडीदारणीसह खेळाच्या आरंभी येतो आणि श्रोत्यांना हसवून जागे करतो. गावाने पडद्यावर जो आधी पाहिला त्याचेच नाव पडद्यामागच्या माणसांना दिले. ती माणसे घरात एकमेकांना काय म्हणत, कोणत्या भाषेत म्हणत, हे गावाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

आता या खेळाची मांडणी पाहावी. गावाबाहेर किंवा देवळापुढे बांबू रोवून एक मांडव उभा करायचा. तीन बाजूंनी काळी कांबळी गुंडाळायची. समोर पांढरे कापड ताणून बांधायचे. आत तेलाचा दिवा, पुढच्या काळात विजेचा गोळा. पाऊस लांबला की गावकरी मुद्दाम या लोकांना बोलावीत आणि खेळ रात्रभर चाले. त्या कांबळ्यांच्या आत एक अख्खे कुटुंब असे. पुरुष बाहुल्या धरीत आणि बोलत. स्त्रिया गात आणि सीतेचे, द्रौपदीचे बोलणे बोलत. कोणी मृदंगावर, कोणी झांजांवर बसे. मुलांना त्याच दाटीत पुढची बाहुली काढून देण्याचे काम असे आणि तेच त्यांचे शिक्षण. दिवसा जे सामान बैलगाडीवरून हलत असे, तेच रात्री रंगभूमी होई. चार वस्तूंत संसार मांडणाऱ्या या घरातही एक पडदा होता, आणि तो ठेवण्यासाठी त्यांनीही काही जागा सोडली असेलच. फरक इतकाच की त्यांचा पडदा बाहेर तोंड करून उभा असे.

म्हणून त्या एका कापडाला दोन भाषा असत. समोरच्या बाजूला कन्नड: शुद्ध, पल्लेदार, पदांनी भरलेली, कारण गाव कन्नड होते आणि पोट त्या गावावर होते. मागच्या बाजूला मराठी: ‘तेल घाल’, ‘भीमाला पुढे दे’, ‘पोराला निजव’ अशा आशयाची, लिपी नसलेली, कोणी पाठ करून न घेतलेली. समोरच्या भाषेत महाकाव्य चाले. मागच्या भाषेत ते चालते ठेवण्याची सारी व्यवस्था असे. साहित्याच्या इतिहासात पहिलीची नोंद होते, दुसरीची होत नाही. पण दुसरी थांबली असती तर पहिली एका क्षणात अंधारात गेली असती. आणि याच्या उलटही खरे होते, हे पुष्कळ उशिरा लक्षात आले. खेळ होता म्हणून घरातल्या सगळ्यांना रात्रभर एका जागी जमावे लागे. जमावे लागे म्हणून बोलावे लागे. बोलावे लागे म्हणून ती बोली मुलांच्या तोंडी येई. पडदा उतरला की कांबळ्यांच्या आतली ती जागाच उरत नाही. मुले शाळेत जातात, मोठी माणसे मजुरीला जातात, दोन्ही ठिकाणची भाषा वेगळी असते, आणि मराठी बोलायला काही निमित्त राहत नाही.

केरळातल्या तोलपावकूत्तूशी तुलना केली तर हे अधिक स्पष्ट होते. तिथे भद्रकालीच्या देवळांपुढे या खेळासाठी पक्के बांधलेले कूत्तुमाडम असतात. पडद्यामागे एकवीस दिव्यांची ओळ लागते. खेळिये येतात, खेळ करतात, आपापल्या घरी परततात. तिथे पडद्याला घर आहे. कर्नाटकातल्या आणि महाराष्ट्रातल्या भटक्या खेळियांच्या बाबतीत घराला पडदा होता. महाराष्ट्रात सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या पिंगुळीच्या ठाकर समाजाने चित्रकथी, कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्या ही तिन्ही अंगे सांभाळली. ज्ञानेश्वरीत ‘साइखडे’ या शब्दाने जी कळसूत्री बाहुली भेटते, तिचीच ही पुढची वस्ती. पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांनी आपल्या गोठ्याचेच संग्रहालय केले आणि २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०२५ साली कर्नाटकात कोप्पळ जिल्ह्यातल्या, नव्वदी ओलांडलेल्या भीमव्वा दोड्डबाळप्पा शिळ्ळेक्यातर यांना तोच सन्मान मिळाला. पडद्यामागच्या समाजाचे नाव त्यांच्या आडनावातच आहे. हे सन्मान योग्यच होत. मात्र सन्मान स्वीकारायला माणसाला पडद्याच्या पुढे यावे लागते, आणि पुढच्या बाजूची भाषा बोलावी लागते.

बाहेर तोंड करणाऱ्या पडद्याची ही रीत बाहुल्यांबरोबर संपली असेही नाही. महाराष्ट्राच्या जत्रांमधून ट्रकवर यंत्र, तंबू आणि पडदा लादून हिंडणाऱ्या टूरिंग टॉकीजनी तीच पुढे नेली. तंबूत गाव बसे. यंत्र चालवणारी माणसे त्या ट्रकच्या आधारानेच स्वयंपाक करीत आणि तिथेच निजत. फिल्मच्या रिळांची जागा संगणकीय प्रतीने घेतली तेव्हाचा त्यांचा उतरता काळ शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांच्या ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या २०१६ च्या माहितीपटात दिसतो. तिथेही चाकांवरचा संसार आतल्या अंधारात होता आणि उजेड लोकांच्या बाजूला होता. संसार करणाऱ्यांनी उजेडाची बाजू स्वतःकडे वळवली ती अगदी अलीकडे. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. आता चाकांवरचे घर ही हौस आहे, उपजीविका नव्हे, आणि हौसेच्या घरातला पडदा आत पाहतो, हे स्वाभाविकच म्हणावे लागेल.

मानसगंगोत्रीच्याच परिसरात भारतीय भाषा संस्थान आहे. ते १९६९ साली स्थापन झाले. एका बाजूला बाहुल्या जपणारे घर आणि थोड्याच अंतरावर भाषांचा अभ्यास करणारे घर, असा हा योग. त्या दोहोंच्या मधून जाणाऱ्या रस्त्यावर उभे राहिले की भारतातल्या भाषांच्या मोजणीची एक मर्यादा आठवते. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे सुमारे आठ कोटी तीस लाख होते. दहा हजारांहून कमी माणसांनी सांगितलेले भाषेचे नाव या गणनेत स्वतंत्र छापले जात नाही. एखाद्या किळ्ळेक्यात घराने आपली भाषा ‘मराठी’ अशी सांगितली तर ती आठ कोटींत मिसळते; आणि स्वतःचे वेगळे नाव सांगितले तर ती दिसण्याइतकी मोठी ठरत नाही. मराठी साहित्याच्या इतिहासात तंजावरच्या दरबारातल्या नाटकांना स्थान मिळाले, आणि मिळायलाच हवे होते. कांबळ्यांच्या आतल्या मराठीला ते मिळाले नाही, कारण तिने काही लिहिले नाही. ज्यांची भाषा फक्त घरात असते त्यांचे घर मोडले की भाषेचा पत्ता लागत नाही.

आजींना हे सारे एका भेटीत कळले असेल, असे नाही. काही पाट्यांवरून, काही तिथल्या सेवकाने सांगितल्यावरून, काही घरी येऊन वाचल्यावरून त्यांनी जमवले. मात्र बाहुल्या नाचवणारी माणसे आत मराठी बोलत, एवढे त्यांनी नातवाला तिथेच सांगितले. त्याने विचारले, ‘मग बाहेरच्यांना कळायचं नाही?’ त्यांनी उत्तर दिले, ‘बाहेरच्यांसाठी ते कन्नड बोलायचे.’ मुलाला यात नवल वाटले नाही. त्याचे स्वतःचे दिवस तसेच जात होते.

तिसऱ्या दिवशी पट्टी आली. आजोबांनी भिंतीवर ठोकून ठोकून सांगाड्याची नळी शोधली, तेव्हा मेजाच्या वर ती अपेक्षित जागी नव्हती. कारागिराने तिथे नुसता लाकडी तुकडा घातला होता. भक्कम उभी नळी सापडली ती दाराच्या चौकटीशेजारी. धूळ आणि शिंतोडे यांचे भय बाजूला ठेवून संच तिथेच लागला. आजींच्या प्रश्नाने जे झाले नसते ते लोखंडाने केले. झुलत्या हातावरचा तो पडदा आत वळवता येई, कडी लावून भिंतीशी मिटवता येई, आणि दार उघडे असेल तर थेट बाहेरही वळे. ही शेवटची सोय कोणी योजलेली नव्हती.

पहिल्या दोन रात्री पडदा आत वळलेला होता. तिघे एका ओळीत बसले. आजींना वाटले होते तसेच झाले; कोणी फारसे बोलले नाही. तिसऱ्या संध्याकाळी सोमनाथपूरच्या अलीकडे एका गावाशी मुक्काम पडला. चाकांचे घर पाहायला पाच-सहा मुले जमली आणि दाराशी रेंगाळली. आत सर्वांना जागा नव्हती. नातवाने कडी काढली आणि पडदा दारातून बाहेर वळवला. मुले पायरीपुढच्या मातीत बसली. संचावरचे चित्र इंग्रजी बोलत होते. त्याने आवाज बंद केला आणि आत, पडद्याच्या पाठीमागे उभा राहून, मान वाकडी करून चित्राकडे बघत तो गोष्ट कन्नडमध्ये सांगू लागला. राक्षसाचा आवाज जाड काढला. बाहेर हशा पिकला. मागच्या अंधारात आजोबा बॅटरीच्या तारेशी बसले होते आणि आजी पोळ्या लाटत होत्या. मध्येच त्याने मान न वळवता सांगितले, ‘आजी, दिवा बंद कर, त्यांना नीट दिसत नाहीये.’ थोड्या वेळाने, ‘आजोबा, वायर पायाखाली येतेय, जरा धरा ना.’ मग, ‘आजी, पाणी दे, घसा सुकला.’ गोष्ट कन्नडमध्ये चालू होती आणि गोष्ट चालवण्यासाठी जे जे लागत होते ते तो मराठीत मागत होता. पुरी वाक्ये, मध्ये न तुटता.

आजींनी दिवा बंद केला, म्हणून उरलेल्या पोळ्या त्यांना अंदाजाने भाजाव्या लागल्या. दोन करपल्या. साडेआठला ढग भरून आले, मुले पांगली आणि गोष्ट अर्ध्यावर राहिली.

रात्री पाऊस झाला. सकाळी निघण्यापूर्वी आजोबांनी घराला एक फेरी मारली: चाकांची हवा, जोडणीचा खटका, मागचे दिवे. दाराशी येऊन पाहतात तो पडद्याच्या हाताची कडी उघडीच होती आणि काचेच्या खालच्या कडेला मातीचे थेंब वाळले होते. त्यांनी ते ओल्या फडक्याने पुसले, पडदा भिंतीशी मिटवला, कडी लावली आणि आधाराचा स्क्रू पाव फेरा घट्ट केला. पुढचा रस्ता खराब आहे, असे त्यांना गावकऱ्यांनी सांगितले होते.